न घेतलेलं माप

रास अल खैरच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, तिथे जहाजांची डिझेल इंजिनं जुळवतात. सौदीत पूर्वी असली इंजिनं बाहेरून तयार यायची. आता सुटे भाग येतात, काही भाग इथेच होतात आणि इथे होणाऱ्या भागांची यादी दरवर्षी थोडी लांबते. मी जुळणी विभागात सुपरवायझर आहे. वय त्रेपन्न. इथे येण्याआधी बावीस वर्षं पिंपरीत इंजिनांच्याच कामात काढली. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. मी जे केलं ते अजाणतेपणी केलं असं कुणाला वाटू नये, म्हणून सांगतो.

आम्ही राहतो जुबेलला. कंपनीची बस सव्वा तासात कारखान्यावर पोचवते. बाहेर बघण्यासारखं काही नसतं, म्हणून सगळे झोपतात. मला त्या बसमध्ये झोप येईनाशी झाली त्याला आता वर्ष होऊन गेलं.

जुळणीचं काम आम्हाला एका रशियन म्हाताऱ्याने शिकवलं. व्होल्गा नदीकाठच्या एका कारखान्यात त्याने उभा जन्म जहाजांची इंजिनं जोडली होती आणि निवृत्त झाल्यावर इथे कंत्राटावर आला होता. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. त्याला अर्थ माहीत होता, त्याच्या भाषेतही तसाच काहीसा शब्द आहे म्हणे. इंग्रजी मोडकं, पण हात बोलायचे. नटबोल्ट ताणताना कुणी घाई केली की तो येऊन त्याच्या हातातला पाना काढून घ्यायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. दिवसभर तो पाना मिळायचा नाही.

मास्तरांचा सगळ्यात कडक नियम क्रँकशाफ्टच्या मापाबद्दल होता. पिस्टनची वरखाली हालचाल ज्याच्यामुळे गोल फिरते, तो इंजिनाच्या पोटातला हा दांडा. आमच्याकडचा मांडीपेक्षा जाड. एवढा जाड असूनही तो वाकतो, केसाहून कमी, पण वाकतो. इंजिन पायावर बसवून बोल्ट ताणले की खालची बैठक कुठे दाबली जाते, कुठे उचलली जाते, आणि दांडा त्याच्या बेअरिंगांमध्ये सरळ पडून राहत नाही. म्हणून बोल्ट ताणण्याआधी एकदा आणि ताणल्यावर पुन्हा एकदा माप घ्यायचं. आत घड्याळासारखी गेज लावायची, दांडा हळूहळू फिरवायचा आणि काटा किती हलतो ते बघायचं. हे सारं पहाटे, सूर्य वर यायच्या आत. आमच्या शेडचं मोठं दार पूर्वेला आहे. ऊन आत आलं की लोखंड एका अंगाने तापतं आणि माप खोटं येतं.

आणि हे माप दोघांनी घ्यायचं. एकाने आत वाकून काटा वाचायचा आणि मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने बाहेर उभं राहून लिहायचं. वाचणाऱ्याने कागद बघायचा नाही, लिहिणाऱ्याने काटा बघायचा नाही. म्हणजे हवा तसा आकडा कुणाला घडवता येत नाही. शेवटी दोघांनी आपापल्या रकान्यात सही करायची.

आमच्याकडे वाचायला एक फिटर होता, रत्नागिरीकडच्या खाडीवरचा. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला दादा. चाळिशी संपत आलेली, चष्मा नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून मासेमारीच्या ट्रॉलरची इंजिनं खोलत आलेला माणूस. गेजचा काटा दोन रेघांच्या मध्ये थांबला तर इतर लोक जवळची रेघ सांगतात. भाई सांगायचा, "साडेतीन, आणि वर एक राईचा दाणा." मास्तरांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की पुढे कुणी माप घेऊन आलं की विचारायचे, "भाईने बघितलं?"

आमचा घरोबाही होता. त्याचं कुटुंब गावी असल्याने शुक्रवारी तो आमच्याकडे यायचा. रमजानात माझी बायको त्याच्या इफ्तारसाठी कांदाभजी करायची आणि तो म्हणायचा, "वहिनी, ह्या भज्यांसाठी तरी सूर्याने जरा लवकर बुडायला हवं."

तो मागच्या वर्षीचा रमजान. दोन इंजिनं एकाच वेळी पायावर चढली होती. भाई जवळजवळ रोज पहाटे माप घ्यायला येत होता, कारण दोन्ही इंजिनांची मापं आलटूनपालटून घ्यावी लागत होती. रोजेदारांची ड्यूटी नऊला सुरू होते. मापासाठी मात्र त्याला सहरीचं, म्हणजे उजाडण्याआधीचं, खाणं आटोपून, नमाज पढून, झोप टाकून पहिल्या गाडीने यावं लागायचं. दुसऱ्या इंजिनाचं आधीचं माप आम्ही असंच पहाटे घेतलं. ते उत्तम आलं. दुपारी बोल्ट ताणले. आता दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा माप.

संध्याकाळी बसमध्ये त्याचे डोळे मिटत होते. मी म्हणालो, "भाई, उद्या तुम्ही नऊलाच या. मी बघतो."

"तुमी एकटे कसं बघणार ओ?"

"कुणाला तरी घेतो. तुम्ही झोपा."

हे मी मायेने म्हणालो, यात खोटं नाही. खोटं दुसऱ्या दिवशी सुरू झालं. पहाटे मी पोचलो तेव्हा शेडमध्ये मी आणि इंजिन. दांडा फिरवायला, वाचायला, कुणी नाही. शोधलं असतं तर पलीकडच्या शेडमधून मिळालं असतं कुणी तरी. पण मी दमलो होतो. रमजानात आम्हाला चारचौघांत खातापिता येत नाही, म्हणून मागच्या बंद खोलीत जाऊन चहा घेतला, खुर्चीत टेकलो. उठलो तेव्हा दारातून ऊन आत आलं होतं. नऊला पुढची टोळी येऊन इंजिनाला जनरेटर जोडणार होती. ते जोडलं की माप घेणं म्हणजे पुन्हा सगळं सोडवणं. मापाची वेळ टळली, कारण मला झोप लागली, हे मास्तरांना सांगायचं. सांगितलं असतं तर मला शिव्या पडल्या असत्या आणि एक दिवस वाया गेला असता. एवढंच.

मी आदल्या दिवशीचा कागद समोर घेतला. नवा कागद काढला. त्यावर त्या दिवशीची तारीख टाकली आणि आकडे उतरवले. कुठे एकाने वाढवला, कुठे दोनाने कमी केला, जसं खरोखर ताणल्यावर होतं तसं. बावीस वर्षांचा अनुभव तिथे कामाला आला.

नऊला भाई आला. मी म्हणालो, "कालचा कागद तेलाने खराब झाला. नवा लिहिलाय, सही करा."

त्याने वरची तारीख बघितलीही नाही. "तुमी लिवलाय ना?" म्हणाला आणि सही केली.

ईदनंतर इंजिन चाचणीला चालवलं. पाचव्या तासाला मधलं एक बेअरिंग तापायला लागलं. थांबवेपर्यंत आतला मऊ धातू वितळून दांड्याला चिकटला होता. कुणाला इजा झाली नाही. पण झाकण उघडल्यावर आतून जो जळका वास आला, तो अजून माझ्या नाकात आहे. बैठकीचा एक कोपरा बोल्ट ताणताना दबला होता. पहाटेच्या मापात तो दिसलाच असता.

चौकशी झाली. आमचा मॅनेजर तरुण सौदी इंजिनिअर आहे, शांत माणूस. टेबलावर तो कागद ठेवला होता. मास्तर बाजूला बसले होते. भाईला आधी विचारलं. त्याने कागद हातात घेतला, तारीख बघितली आणि बराच वेळ आठवत राहिला. रमजानातले ते दिवस त्याच्या डोक्यात एकमेकांत मिसळले होते. इतक्या पहाटे, इतके काटे, इतके कागद.

"साइन मेरा है साहब," तो म्हणाला. "रोज़े में आँख थक गई होगी."

मग माझ्याकडे बघून मॅनेजरने विचारलं. मी म्हणालो, "मला जे आकडे सांगितले गेले, ते मी लिहिले."

हे वाक्य मी मनात तयार करून आणलं नव्हतं. ते आपोआप आलं. आणि आल्यावर मी ते परत घेतलं नाही. मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांनी फक्त विचारलं, "काटा तू नाही पाहिला?" मी म्हणालो, "नियमच आहे ना, लिहिणाऱ्याने पाहायचा नाही."

भाईचं कंत्राट वाढवलं नाही. अहवालात 'वाचनातली चूक' असं लिहिलं गेलं. महिन्याभरात त्याचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द होऊन फायनल एक्झिट, कायमचं परत जाण्याचा शिक्का, लागला. मी त्याला दमामच्या विमानतळावर सोडायला गेलो. त्यानेच मला धीर दिला. "तुमी तोंड पाडू नका दादा. चूक माझी, शिक्षा माझी. तुमी झोपायला सांगितलं असतं तरी मी आलोच असतो." म्हणजे त्याला माझं ते बोलणंसुद्धा आठवत नव्हतं. मी म्हणालो, "पोचल्यावर फोन करा."

घरी बायकोने विचारलं, "भाईंना का काढलं?" मी सांगितलं, "कंत्राट संपलं."

पुढच्या काही महिन्यांत मास्तरही गेले. त्यांच्या जुन्या कारखान्यातून सारखे फोन येत होते. त्यांच्या देशात बाहेरची इंजिनं यायची बंद झाली होती आणि जहाजं तर बांधायचीच होती. कारखाना वाढत होता, नवीन शेड उभ्या राहत होत्या, यंत्रं येत होती, पण हाताने बेअरिंग घासून बसवणारी माणसं म्हातारी होऊन घरी बसली होती. त्यांना शोधून बोलावत होते. निघताना मास्तरांनी माझ्याकडून भाईचा नंबर घेतला. म्हणाले, "डोळा एक दिवस थकतो. हात चांगला आहे. हात मला हवा."

आणि भाई खरोखर तिथे गेला. मुंबईच्या एजंटकडून, कागदपत्रं करून, थंडीच्या तोंडावर. मला जो आनंद झाला तो शुद्ध नव्हता. मला सुटल्यासारखं झालं. झालं ते बरंच झालं, असं मी स्वतःला रोज बसमध्ये सांगायचो. त्याचे फोन यायचे, बहुधा रविवारी. त्याला सुट्टी आणि मी कामावरून लवकर आलेला.

"दादा, इथला मासा बघाल तर रडाल. लाकडासारखा उभा करून विकतात. पापलेट नाय, बांगडा नाय. नदीतला कसला तरी दाढीवाला मासा. आमच्या खाडीतला खेकडापण त्याला सलाम करणार नाय."

"आणि काम?"

"काम म्हणजे विचारू नका. शेड एवढी मोठी की ह्या टोकाला हाक मारली तर त्या टोकाला उद्या पोचेल. अर्धी यंत्रं नवी कोरी, अर्धी मास्तरांच्या वयाची. क्रेनवर एक बाई आहे, आजीच्या वयाची. वरून अशा शिव्या घालते! मला समजत नाय म्हणून बरं. आणि मास्तर इथेपण पाना खिशात घालतात."

आम्ही हसायचो. फोन ठेवल्यावर मी बाल्कनीत जाऊन उभा राहायचो. त्या सगळ्या फोनांमध्ये एकदाही मी तोंड उघडलं नाही. तो सुखात आहे तर उगाच कशाला उकरा, हे माझं कारण होतं. ते पुरतही होतं.

या वर्षी रमजान सुरू झाल्यावर दोनेक आठवड्यांनी त्याचा फोन आला. मी सहज विचारलं, "रोजे कसे चाललेत? थंडीत तहान कमी लागत असेल."

"रविवारचे धरतो."

"आणि बाकीचे?"

"कामाच्या दिवशी नाय धरत, दादा." मग हलक्या आवाजात, जणू माझीच समजूत घालत, "डोळ्यांचा भरवसा नाय राहिला. तिथे काय झालं ते बघितलंत ना तुमी. इथे ही इंजिनं जहाजावर जातात, समुद्रात माणसं असतात. मी रोजा धरून काटा चुकीचा वाचला आणि कोण बुडाला, तर अल्लाला काय सांगू? म्हणून सोडतो. कळत्या वयापासून एक रोजा सोडला नव्हता ओ. घरी नाय सांगितलंय. तुमी बोलू नका कुणाला."

मी म्हणालो, "नाही बोलणार." आणि फोन ठेवला.

बायको स्वयंपाकघरात होती. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "भाई बरे आहेत ना?" मी तिथेच स्टुलावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. खुर्चीतल्या झोपेपासून. तिने गॅस बंद केला. मी थांबल्यावर म्हणाली, "म्हणजे वर्षभर तुम्ही मला सांगत होतात की त्यांचं कंत्राट संपलं."

"हो."

"ते तिथे उपाशी राहत नाहीत म्हणून रोज मनात झुरत असतील, आणि तुम्ही इथे दोन्ही वेळा जेवताय." मग म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? फोन लावा."

मी लावला. तो हसतच बोलला, "काय ओ, आता तर ठेवला."

मी सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. पहाट, बंद खोली, ऊन, दोन कागद, खोटे आकडे. "तुम्ही त्या दिवशी काटा वाचलाच नव्हता, भाई. मापच घेतलं नव्हतं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी नऊला आलेलो?" त्याने विचारलं.

"नऊला. मी म्हणालो, कालचा कागद खराब झालाय."

"तेल लागलं बोललात."

"हो."

"आठवलं." तो म्हणाला. "मी चष्मा केला ओ. दोन चष्मे केले. रत्नागिरीचा डॉक्टर बोलला, नंबर काहीच नाय. मीच बोललो, नाय डॉक्टर, असेल, नीट बघा. त्याने वैतागून दिला कसला तरी. इथे लोक एकदा काटा वाचतात, मी तीनदा वाचतो. ती क्रेनवाली हसते मला."

मी म्हणालो, "माझी चूक—"

"चूक नाय ती." त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "चूक मी समजत होतो, माझी. ही चूक नाय. गावी पोचल्यावर फोन केला मी तुमाला. बकरी ईदला केला. तुमी बोललात, ईद मुबारक भाई. कसं निघालं तोंडातून?"

मी स्टुलावरून उठून उभा राहिलो.

मग तो म्हणाला, "बारा सुटलेत ह्या वर्षी." मला आधी कळलं नाही. मग कळलं, रोजे. "उद्यापासून धरतो. सुटलेले थंडीत भरून काढीन, इथे दिवस एवढासा असतो तेव्हा. ते माझं मी बघतो. तुमी साहेबांना कागद द्या. माझं नाव त्यातून काढा." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅनेजरच्या खोलीत गेलो. रात्रीच दीड पान लिहून ठेवलं होतं. त्याने ते वाचलं, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. म्हणाला, "अहवाल बंद होऊन वर्ष होत आलं. तुला कुणी विचारलं नव्हतं. आता का?"

मी त्याला रोज्यांबद्दल सांगितलं. तो स्वतः रोज्याने होता. खुर्ची मागे सरकवून तो खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला.

"तुझ्या आकड्यांमुळे त्याने रोजे सोडले?"

"हो."

"आणि तू रोज माझ्यासमोर येऊन सलाम म्हणत होतास."

"हो."

त्याने मला जुळणीवरून काढलं. पुढचा निर्णय वरून येईपर्यंत टूल स्टोअरमध्ये बसायला सांगितलं. माझं काय होईल ते सांगता येत नाही. बहुधा माझाही फायनल एक्झिट लागेल. तो अन्याय होणार नाही. अहवालाला मात्र त्याने त्याच आठवड्यात नवीन पान जोडलं. 'वाचनातली चूक' खोडून तिथे 'माप घेतलं गेलं नाही' असं लिहिलं आणि जबाबदार म्हणून माझं नाव. मी मसुद्यात शेवटी दिलगिरीचं एक वाक्य घातलं होतं. त्याने ते काढून टाकलं. म्हणाला, "हा तांत्रिक कागद आहे. ते तू त्याला वेगळं सांग." आणि कागदाची प्रत भाईला पाठवायचं कामही माझ्यावरच सोपवलं.

मी पाठवली. वेगळं काही लिहायला घेतलं, चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. तीन दिवस त्याच्याकडून काही आलं नाही. चौथ्या दिवशी टूल स्टोअरमध्ये पाने मोजून खणात लावत होतो, तेव्हा फोनवर त्याचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. मागे कारखान्याचा आवाज होता, कुणी तरी बाई वरून ओरडत होती.

"कागद पोचला. मास्तरांना वाचून दाखवला. ते तुमाला काय बोलले ते रोज्यात तोंडातून काढता येत नाय. ईद झाली की सांगतो."

एवढंच. मी ते दोनदा ऐकलं. ईदला अजून नऊ दिवस आहेत. तो फोन करील. मला तो घ्यायचा आहे.